कोरडी पिशवी

सोसायटीच्या सेक्रेटरीला इमारतीतली प्रत्येक गोष्ट माहीत असते असा लोकांचा समज असतो, आणि तो समज पसरवायचं काम सहसा सेक्रेटरीच करत असतो. आपल्या गोष्टीतले सेक्रेटरीही त्यातलेच. टाकीत पाणी किती आहे, लिफ्ट कुठल्या मजल्यावर रुसते, कुणाच्या नळाचा वॉशर गेलाय, हे सगळं त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. माहीत नव्हती ती एकच गोष्ट. त्यांच्या स्वतःच्या बाल्कनीतून गेली कित्येक वर्षं दर महिन्याला एक बातमी प्रसारित होत होती, आणि समोरची विंग ती न चुकता ऐकत होती.

ही बातमी म्हणजे शेकायची एक लाल रबरी पिशवी.

सेक्रेटरींची बायको बँकेत होती. महिन्याचे ते दिवस आले की तिची कंबर धरायची. मग ती पिशवीत गरम पाणी भरून शेकत बसायची, आणि पाणी निवलं की पिशवी रिकामी करून, बूच काढून, बाल्कनीच्या कठड्याबाहेरच्या खिळ्याला उलटी टांगायची. आतलं पाणी थेंबाथेंबाने गळून जायचं, पिशवी वाळायची आणि कपाटात परत जायची. यात लपवण्यासारखं काही आहे असं बायकोला कधी वाटलं नाही, आणि बघण्यासारखं काही आहे असं सेक्रेटरींना कधी वाटलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी त्या पिशवीला हातही लावला नव्हता. घरात ज्या गोष्टी आपोआप होतात त्यांतलीच ती एक, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

तर त्या वर्षी बायकोला बढती मिळाली. दुसऱ्या गावची शाखा, आणि ही तिथली मॅनेजर. अशी संधी पूर्वी तीनदा आली होती आणि तिने तीनदा नाही म्हटलं होतं. एकदा मुलगी लहान होती, एकदा सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन होतं, आणि एकदा घराला रंग चालू होता. कोणता रंग, ते आता कुणालाच आठवत नाही. या खेपेला मात्र मुलगी कॉलेजच्या होस्टेलवर होती, सासूबाई मुलापेक्षा ताठ चालत होत्या आणि भिंतींना कुणी विचारत नव्हतं. बायकोने संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, की मी हो म्हणून आले. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू व्हायचंय. सेक्रेटरींनी अभिनंदन केलं, फुलं आणली, कमिटीच्या बैठकीत ‘इतर विषय’ या सदराखाली ती बातमी जाहीरही केली. आणि घरी आल्यावर स्वयंपाकघरात उभे राहून बराच वेळ डब्यांकडे बघत राहिले. कुठल्या डब्यात काय आहे याचा त्यांना पत्ता नव्हता.

आणि नेमकं अशा वेळी ते घडलं.

त्याचं असं झालं, की कुटुंबनियोजनाच्या सरकारी पत्रकात ज्याला ‘साधन’ म्हणतात ते सेक्रेटरी घाऊक भावाने आणत. काटकसर हा त्यांचा स्वभाव होता आणि मर्यादा हा त्यांचा बाणा. त्यामुळे तो साठा आईच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनी न्हाणीघरात गीझरच्या वरच्या फळीवर, जुन्या बल्बच्या खोक्यात ठेवला होता. तिथे तो साठा दोन उन्हाळे आणि रोजचा गीझर सोसत पडून होता. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याने ऐन वेळी मान टाकली. झालेला प्रकार लक्षात आल्यावर सेक्रेटरी कॉटवर उठून बसले आणि आता काय करायचं, कुणाला सांगायचं, कुणाला सांगायचं नाही, याचा त्यांनी एक आराखडा मांडला. बायकोने तो पडल्या पडल्या ऐकला. सकाळी बँकेत जाताना ती कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात शिरली, तातडीची गर्भनिरोधक गोळी मागितली, ही जितकी लवकर घ्यावी तितकी बरी हे तिला ठाऊक होतं म्हणून पर्समधल्या बाटलीतल्या पाण्याबरोबर तिथेच घेतली आणि वेळेवर कामाला लागली. सेक्रेटरींना हे कळलं तेव्हा जरा वाईटच वाटलं. डोक्यावर हेल्मेट, तोंडावर रुमाल, गावाबाहेरचं दुकान, अशी सगळी योजना त्यांच्याकडे तयार होती.

चार-पाच दिवसांनी बायकोला अगदी थोडं, डागापुरतं जाऊन थांबलं. सेक्रेटरींनी ‘विषय संपला’ असं जाहीर केलं. बायको म्हणाली की ही पाळी नव्हे, गोळीने मध्येच असं होतं कधीकधी. खरी तारीख अजून यायचीय.

ती तारीख आली आणि गेली.

बायको शांत होती. तिने गोळीच्या पाकिटातला मुंगीच्या अक्षरांचा कागद नवऱ्यापुढे ठेवला. सेक्रेटरींनी भिंग आणून तो वाचला. पाळी ठरल्यापेक्षा लवकर येऊ शकते, उशिराही येऊ शकते. जास्त जाऊ शकतं, कमीही जाऊ शकतं. ‘ही काय सूचना झाली?’ ते म्हणाले. बायकोने त्यांना आठवण करून दिली, की गेल्याच महिन्यात तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं, वाहिनीच्या कामामुळे पाणी लवकर अथवा उशिरा, कमी अथवा जास्त दाबाने येईल, रहिवाशांनी सहकार्य करावं. सेक्रेटरींनी भिंग खाली ठेवलं. त्या सूचनेचा त्यांना फार अभिमान होता.

इथवर मामला दोघांत होता. तो तिसऱ्याकडे गेला तो सेक्रेटरींमुळेच, कारण माहिती गोळा केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तळमजल्यावर एक गृहस्थ राहत. पूर्वी ते दवाखान्यांतून गुडघ्याचे पट्टे विकत, म्हणून सगळी इमारत त्यांना ‘अर्धे डॉक्टर’ म्हणे. सेक्रेटरींनी त्यांना जिन्याखाली गाठलं आणि एका मित्राच्या मिसेसबद्दल विचारलं. अर्ध्या डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. गंभीर प्रकरण, म्हणाले. ती गोळी एकदा पोटात गेली की बाईचं चक्र वर्षभर जागेवर येत नाही. शिवाय उशीर झाला म्हणजे गोळी लागू पडली नाही, हे उघड आहे. मग डोळे उघडून त्यांनी आपुलकीने विचारलं, “मित्र कुठल्या मजल्यावर राहतो?”

दुसऱ्या बाजूने वेगळंच शिजत होतं. समोरच्या विंगेत, बरोबर सेक्रेटरींच्या बाल्कनीसमोर, पोस्टातल्या काकू राहत. पोस्टात सगळी नोकरी त्यांनी टपालाची वर्गवारी करण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी संप केल्यामुळे त्या बाल्कनीत बसून जगाची वर्गवारी करत. त्यांनी सेक्रेटरींच्या आईला खाली बाकावर गाठलं आणि सहज विचारलं, की या महिन्यात तुमच्याकडची पिशवी दिसली नाही बाहेर?

आई तडक उठल्या. घरी आल्या, सुनेला हातातली बादली खाली ठेवायला लावली, स्टूल अडगळीत नेऊन टाकलं आणि दुधाचा मोठा पेला तिच्यापुढे केला. सुनेला वाटलं, निरोपाचे लाड चाललेत. मग आईंनी मुलाला बाजूला घेतलं आणि अतिशय समजूतदार आवाजात सांगितलं, की या वयातही होतं कधीकधी, त्यात लाजायचं काय? समोरच्यांनाही कळलंय. पिशवी नाही ना लागली.

त्या क्षणी सेक्रेटरींना पहिल्यांदा कळलं की आपल्या घरालाही एक फलक आहे आणि तो सगळ्यांना वाचता येतो. माणूस अशा वेळी काय करेल? सामान्य माणूस काही करणार नाही. पण सेक्रेटरींना बारा वर्षांचा फलकलेखनाचा अनुभव होता. चुकीची माहिती पसरली असेल तर त्वरित खुलासा लावावा, हे त्यांचं तत्त्व. बायको बँकेत गेल्यावर त्यांनी कपाटातून पिशवी काढली, फडक्याने पुसून लख्ख केली, बूच घट्ट पिळलं आणि बाल्कनीबाहेरच्या खिळ्याला कडीत अडकवून सुलटी टांगली. मग दोन पावलं मागे सरून पाहिली. छान दिसत होती. एखाद्या सरकारी कचेरीवर पाटी शोभावी तशी.

समोर पोस्टातल्या काकूंनी चष्मा लावला. बघितलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. ही पिशवी नेहमी उलटी असते. बूच काढलेलं असतं. आणि मुख्य म्हणजे ती गळते. ही सुलटी होती, तिला बूच होतं आणि तासभर बसूनही तिच्यातून एक थेंब पडला नाही. काकूंनी आईंना फोन लावला आणि दबलेल्या आवाजात म्हणाल्या, “बाई, तुमची पिशवी कोरडी आहे हो.”

तोवर जी शंका होती तिची आता खात्री झाली. पिशवी नुसतीच नसती तर एक वेळ ठीक होतं. खोटी पिशवी लावतात म्हणजे घरात नक्कीच काहीतरी आहे, आणि ते लपवायचंही आहे. दुपारी मुलीचा होस्टेलवरून फोन आला. तिला पोस्टातल्या काकूंनी आशीर्वाद पाठवले होते आणि मोठ्या बहिणीची जबाबदारी या विषयावर चार वाक्यंही. मुलीने फक्त एवढंच विचारलं, की बाबा, तुम्ही दोघं तिकडे नेमकं काय करताय? सेक्रेटरींनी रेंज नसल्याचं सांगून फोन ठेवला. फोन लँडलाइनचा होता.

संध्याकाळी दाराखालून चेअरमन साहेबांचं पत्र आत आलं. चेअरमन निवृत्त ऑडिटर होते आणि सेक्रेटरींची एखादी चूक सापडावी म्हणून बारा वर्षं दबा धरून बसले होते. कठड्याबाहेर काहीही वाळत घालू नये हा नियम दोन महिन्यांपूर्वी खुद्द सेक्रेटरींनीच मंजूर करून घेतला होता, तोही चेअरमनच्या धोतरांवर नेम धरून. आता पत्रात विचारलं होतं, की आपल्या बाल्कनीबाहेर लटकणारी लाल रंगाची वस्तू काय आहे, तिचा उपयोग काय, आणि ती कोणत्या अधिकारात लटकते? रविवारच्या बैठकीत खुलासा व्हावा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पोस्टातल्या काकूंचं पेन्शन बायकोच्याच बँकेत जमा होत असे. त्या दुसऱ्या दिवशी रिक्षाने बँकेत गेल्या आणि निव्वळ मायेपोटी काउंटरवर सांगून आल्या, की मॅडमना फार वेळ उभं करू नका हं. तासाभरात कर्जविभागातले एक गृहस्थ मॅडमच्या टेबलाशी आले. ती मॅनेजरची जागा त्यांनाही हवी होती. अशा अवस्थेत नवं गाव, नवी शाखा, तुम्हाला कसं झेपणार, म्हणाले, मी वर शब्द टाकतो, माझं काय, मी कुठेही जायला तयार आहे. आणि दुपारी मुख्य कचेरीतून साहेबांचा फोन आला. अतिशय काळजीच्या सुरात त्यांनी विचारलं, की एक तारखेचं नक्की आहे ना? काही अडचण असेल तर मोकळेपणी सांगा, दुसरी सोय करता येईल.

बायको घरी आली. चप्पल काढली, पर्स ठेवली, बाल्कनीत गेली, पिशवी काढून आणली आणि ती नवऱ्यासमोर टेबलावर ठेवली.

“ही तुम्ही लावलीत?”

सेक्रेटरींनी खुलासा सुरू केला. अफवा, तत्काळ प्रतिबंध, सामूहिक गैरसमज, असे शब्द त्यात होते. बायकोने तो पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाली की तीन वेळा मी या घरासाठी ती जागा सोडली. चौथ्यांदा ती एका कोरड्या पिशवीमुळे गेली तर मी ही पिशवी तुमच्या गळ्यात बांधून बैठकीला पाठवीन. एवढं बोलून तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. तारीख उलटून आठवडा झाला होता. आता तपासायलाच हवं होतं.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बाहेर बाकडी होती, भिंतीवर एका गुटगुटीत बाळाचं पोस्टर होतं आणि ते बाळ थेट सेक्रेटरींकडे बघत होतं. चाचणी दिली होती, निकाल यायचा होता. सेक्रेटरी त्या बाळाकडे बघत होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं हे सांगायला नको, पण सांगतो. डब्यांचं काय, आईच्या औषधांचं काय, संध्याकाळी दार कोण उघडणार, असं काहीबाही चाललं होतं. आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक बारीकसा, चोरटा विचार होता. निकाल तसा आला, तर ती जाणार नाही.

“तुम्हाला वाटतंय का, तसं निघावं म्हणून?” बायकोने विचारलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, पोस्टरकडेच बघत होती.

“छे,” सेक्रेटरी म्हणाले.

पण मध्ये बराच वेळ गेला होता.

“उत्तराला उशीर झाला,” बायको म्हणाली. आणि आत बोलावलं म्हणून उठली.

निकाल ‘नाही’ असा होता. डॉक्टरीणबाईंनी तो पेनच्या टोकाने दाखवला आणि अजून आठवडाभर पाळी आलीच नाही तर पुन्हा बघू, म्हणाल्या. सेक्रेटरींनी खुर्ची पुढे ओढली आणि वर्षभर चक्र बिघडण्याचा मुद्दा मांडला. कोण म्हणालं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. एक डॉक्टर, सेक्रेटरी म्हणाले, आणि मग प्रामाणिकपणे जोडलं, अर्धे. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की ही गोळी मुख्यतः बीज बाहेर पडणं पुढे ढकलते. बीज लांबलं की पाळीही लांबते. कुणाची उलट लवकर येते, कुणाला मध्येच थोडं जातं. आठवडाभर इकडेतिकडे व्हायचंच, सहसा पुढच्या पाळीपासून गाडी रुळावर येते. कायमचं काही बिघडत नाही. मात्र आठवड्यापेक्षा जास्त उशीर झाला तर तुम्ही आलात तसं येऊन तपासायचं, आणि पोटात जोराचं दुखलं तर तारखेची वाट न बघता यायचं. दर वेळी हीच गोळी घेत बसायचं नाही, ती अडीअडचणीची आहे. आणि एकदा घेतली म्हणून पुढच्या दिवसांना तिचा आधार नसतो, तेव्हा नेहमीचं साधन वापरायचंच. मग त्यांनी विचारलं, की नेहमीच्या साधनाला काय झालं होतं?

“गीझरवर ठेवतात,” बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाई प्रौढ बाई होत्या. त्या हसल्या नाहीत, फक्त खाली वाकून टेबलाचा खण उगीचच उघडून बंद केला. थंड, कोरड्या जागी ठेवा, एवढंच म्हणाल्या. सेक्रेटरींनी मग भीत भीत विचारलं, की मिसेस गरोदर नाहीत असं प्रमाणपत्र मिळेल का, कमिटीला सादर करायला? डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मी आजाराची प्रमाणपत्रं देते. यात आजारी कुणी असेल तर ती तुमची कमिटी.

‘मित्राच्या मिसेस’ची कबुली सेक्रेटरींनी दवाखान्याच्या पायरीवरच देऊन टाकली. घरी परतताना दोघं एका रिक्षात आणि दोन दिशांना बघत बसली होती.

रविवारी सकाळी सेक्रेटरी खुलासा लिहीत होते. खोडून खोडून कागद काळा झाला होता. इतक्यात आतून बायकोची हाक आली. ती पलंगावर कुशीवर वळून पडली होती, पाय पोटाशी घेऊन. चेहरा दुखण्याने ओढलेला, आणि तरी तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. सेक्रेटरींनी बघितलं आणि न विचारता ओळखलं. कंबर नेहमीसारखीच धरलीय, ती म्हणाली.

सेक्रेटरी स्वयंपाकघरात गेले. पाणी तापवलं. पिशवी एका हातात धरून दुसऱ्या हाताने भांडं ओतायला गेले तर अर्धं पाणी ओट्यावर आणि उरलेलं त्यांच्या पायावर. दुसऱ्यांदा भरली तेव्हा बूच लावता लावता पिशवीने फस्सकन तोंडावर वाफ सोडली. आई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी पिशवी घेतली नाही, नुसतं सांगितलं, की आधी हवा दाबून काढ, मग बूच लाव. आणि सुनेसाठी ओट्यावर भरून ठेवलेला दुधाचा पेला उचलून स्वतःच पिऊन टाकला. तोंड पुसून म्हणाल्या, मलाही नव्हतं झेपणार रे, आता या वयात बाळाची उठबस.

सेक्रेटरींनी पिशवी टॉवेलात गुंडाळून बायकोच्या कमरेशी ठेवली आणि पलंगाच्या कडेला बसले.

“तू जा,” ते म्हणाले.

“बैठकीला?”

“एक तारखेला.”

बायकोने डोळे मिटले होते. उशिरा का होईना, ती म्हणाली, आणि पिशवी जरा वर सरकवून घेतली. खाली काय सांगू, असं सेक्रेटरींनी विचारलं. ती म्हणाली की पिशवीचं काय ते खरं सांगा. गोळीचं मात्र तुमच्या मित्राकडे राहू द्या.

पाणी निवल्यावर सेक्रेटरींनी पिशवी रिकामी केली, बूच काढलं, कठड्याबाहेरच्या खिळ्याला उलटी टांगली आणि खाली गेले. बैठक नेहमीप्रमाणे गाड्यांच्या जागेत, सेक्रेटरींच्या बाल्कनीच्या बरोबर खाली, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर होती. चेअरमननी लाल वस्तूचा विषय पुकारला, इतिवृत्ताची वही उघडली, पेनचं टोपण काढलं, आणि वहीवर टप्पकन एक थेंब पडला. मग दुसरा. सगळ्यांनी माना वर केल्या. समोरच्या विंगेतून पोस्टातल्या काकूंचा आवाज सगळ्या आवारात घुमला, “आजची खरी आहे.”

सेक्रेटरी उभे राहिले. खिशातला खुलासा त्यांनी काढलाच नाही. म्हणाले, ती शेकायची पिशवी आहे, माझ्या बायकोची. पाळीत कंबर दुखते म्हणून ती शेकते. मागची कोरडी होती ती मी टांगली होती, ती खोटी. आजची मी भरली, मीच टांगली, ती गळतेय. आणि माझी बायको एक तारखेला मॅनेजर म्हणून रुजू होतेय, हे ज्यांना बँकेत सांगायचं असेल त्यांनी जरूर सांगावं. एवढं बोलून ते बसले. बारा वर्षांत त्यांनी इतकं छोटं निवेदन केलं नव्हतं. चेअरमन रुमालाने वही टिपत राहिले. अखेर अर्ध्या डॉक्टरांनी घसा साफ करून विचारलं, “आणि तुमच्या मित्राच्या मिसेस?”

“त्याही ठीक आहेत,” सेक्रेटरी म्हणाले. “आठवडाभर उशीर झाला, एवढंच. वर्ष वगैरे काही लागत नाही.”

बायको एक तारखेला गेली. जाताना पिशवी घेऊन गेली, त्यामुळे खिळा मोकळा राहिला. सेक्रेटरींना डबे कळू लागले, म्हणजे निदान साखर कुठली आणि मीठ कुठलं हे चाखून कळू लागलं. महिना सरत आला तशा पोस्टातल्या काकू अस्वस्थ दिसू लागल्या. त्या मोकळ्या खिळ्याकडे बघत, मग सेक्रेटरींकडे बघत, पण विचारणार कशा? एके सकाळी सेक्रेटरींच्या फोनवर एक फोटो आला. कुठलीशी अनोळखी बाल्कनी, वाकडा ठोकलेला एक खिळा आणि त्याला उलटी टांगलेली लाल पिशवी. खाली फरशीवर छोटंसं ओलं वर्तुळ. मजकूर काहीच नव्हता. सेक्रेटरींनी फोटो मोठा करून तो वाकडा खिळा पाहिला. इथे असती तर मी सरळ ठोकला असता, असं त्यांना वाटलं, आणि मग वाटलं, नकोच. मग बाल्कनीत जाऊन समोर बघून त्यांनी एकदाच मान डोलावली. काकूंनी सुस्कारा सोडला, चष्मा काढला आणि चहा ठेवायला आत गेल्या.

त्याच दुपारी फळ्यावर नवी सूचना लागली. कठड्याबाहेर काहीही वाळत घालू नये. शेकायची पिशवी वगळून. ती उलटी टांगावी, बूच काढून. आदेशावरून, सेक्रेटरी.